शेळगावचं जेवण

आमच्या झुंबरआत्याचं आयुष्यात मागणं एकच होतं, आणि ते इतकं लहान होतं की त्याची आठवण झाली की मला अजून माझ्या बापाचा राग येतो. थोरल्या भावानं शेळगावला तिच्या घरी यावं, पाटावर बसावं आणि तिच्या चुलीवरचे चार घास जेवून जावं. एवढंच. साडी नको होती, आफ्रिकेचा चहाचा डबा नको होता.

माझे वडील हिंदुराव, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. पहिल्या लढाईत पणदऱ्याहून पलटणीबरोबर आफ्रिकेत गेले आणि लढाई संपल्यावर नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात चिकटले. एकोणीसशे वीस साली रजेवर आले तेव्हा आजी-आजोबा दोघंही नव्हते आणि पाठची बहीण लग्नाला आलेली होती. तात्यांनी एकाच मांडवात दोन्ही कार्यं उरकली. आधी स्वतःचं लग्न लावून घेतलं, आणि हळदीच्या अंगानं माझ्या आईला शेजारी बसवून बहिणीचं कन्यादान केलं. आत्या इंदापूर तालुक्यात शेळगावला गेली, तात्या परत आफ्रिकेत. वर्षभरानं त्यांनी आईला तिकडं बोलावून घेतलं, आणि माझा जन्म तिकडचाच.

त्या कन्यादानानंच सगळा घोटाळा केला. आमच्यात रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवायचं नाही. तात्यांनी कन्यादान केलं, म्हणजे ते बापाच्या जागी. झालं! रीत त्यांना चिकटली ती चिकटलीच. बरं, रीत जेवणापुरती होती. तिथलं पाणीही प्यायचं नाही, ही भर तात्यांनी स्वतःच्या मनानं घातली. नोकरीत वरच्या साहेबानं सांगितलेल्या कामापेक्षा दोन कामं जास्त करायची त्यांना खोडच होती.

तात्यांना चार-पाच वर्षांनी एकदा रजा मिळायची. मला कळतं तशी पहिली रजा एकोणीसशे तीसची, मी आठ वर्षांची होते. मोंबासाहून बोट, मुंबईहून आगगाडी, दौंडला उतरून बारामतीची छोटी गाडी, आणि तिथून बैलगाडीनं पणदरे. आम्ही पोचलो की दुसऱ्या दिवसापासून पाहुणचार सुरू. कोण कुठले भावकीतले, ज्यांचं नातं समजावून सांगायला अर्धा तास लागायचा, तेही ‘आमच्यात जेवायला आलंच पायजे’ म्हणून हटून बसायचे. तात्या कोट घालून सगळीकडं जायचे आणि सगळीकडं जेवायचे. लोक विचारायचे, ‘तिकडं वाघ-सिंव्ह रस्त्यानं हिंडत्यात म्हणं?’ तात्या म्हणायचे, ‘आमाला बघून पळत्यात.’ रोज तेच वाक्य आणि रोज तेच हसणं. पंधरा दिवसांत आमची तिघांची पोटं बिघडली.

आणि मग शेळगाव.

आत्या गावाबाहेर मळ्यात राहायची. नवरा गेणबा, म्हणजे आमचे मामा, शांत माणूस होते. बोलायचं काम आत्याकडं, आणि निम्मं शेताचं कामही तिच्याकडंच. ती मोट हाकायची. बाईमाणसानं मोट हाकायची नाही असं गाव म्हणायचं, पण मामा दम्यानं बसले की वांग्या-मिरचीला पाणी कोण देणार? आत्या कासोटा मारून नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर बसायची, बैलांना शिव्या घालायची आणि त्याच दमात गाणी म्हणायची. इंदापूरच्या बाजारात तिची वांगी आधी उठायची, कारण ती गिऱ्हाइकाची थट्टा केल्याशिवाय वांगं हातात देत नसे.

त्या दिवशी विहिरीवर मोट चालू असतानाच तिनं मला उचलून घेतलं आणि पहिलं विचारलं, “बोटीच्या भवती समदं खारंच पाणी. मग आंघूळ कशानं करता गं?”

“खाऱ्या पाण्यानंच,” मी म्हणाले.

“म्हंजी तुमाला मीठ लावून पाठवत्यात व्हय!” असं म्हणून ती इतकी हसली की बैल थांबले.

घरात पांढऱ्या मातीनं सारवलेली चूल होती. आत्यानं ती स्वतःच्या हातानं घातलेली. सांज्याच्या पोळ्या, भरलं वांगं, आमटी, तांदळाची खीर असं सगळं करून ठेवलं होतं. मांडलेल्या पाटाभोवती रांगोळीसुद्धा होती. तात्या दारापर्यंत आले, माणसाची विचारपूस करतात तशी घराची विचारपूस केली, साडी आत्याच्या हातात दिली, आणि पणदऱ्याहून आणलेली भाकरी आणि तांब्या घेऊन समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले.

आत्या दारात उभी राहिली. “दादा, आज तरी,” ती म्हणाली.

“झुंबे, रीत हाय,” तात्या म्हणाले. “एकदा तुझ्या पदरात पोर पडू दे, मग मी हितनं उठतोय का बघ.”

आई आणि मी आत जेवलो, कारण बायकापोरांना ही रीत लागू नव्हती. आईनं एक पोळी मोडून तशीच ठेवली. मी मात्र तीन पोळ्या खाल्ल्या. आठ वर्षांच्या पोरीला काय कळणार? दारातून मला तात्या दिसत होते, गार भाकरी मोडताना. आत्या मला वाढत होती आणि तिचं लक्ष त्या भाकरीकडं होतं.

परतताना गाडीत आई त्यांना बोललीच. “तिकडं तुम्ही पंजाब्याच्या घरी जेवता, काठेवाड्याच्या घरी जेवता, कारखान्यातल्या हबशी गड्यानं मक्याचं पीठ शिजवून दिलं तर तेसुद्धा खाता. एका सख्ख्या बहिणीनं तुमचं काय घोडं मारलंय?”

तात्या म्हणाले, “तुला काय वाटतं, मला खावंसं वाटत न्हाय? मी रीत मोडली आन तिला मूल झालंच न्हाय, तर? म्या मोडली म्हणून झालं न्हाय असं मला जन्मभर वाटंल. तिच्यासाठीच सोडलंय मी ते पाणी.”

हे मी ऐकलं होतं, म्हणून त्यांच्यावर पुरतं रागावता येत नाही. आणि म्हणूनच जास्त राग येतो.

एकोणीसशे चौतीसला आम्ही पुन्हा आलो. आत्याला मूल नव्हतं. या वेळी तिनं पाट मांडला नाही, तात्यांना आग्रहही केला नाही. उलट लिंबाखाली स्वतः घोंगडी आंथरून दिली. मी बारा वर्षांची होते, मला वाटलं आत्यानं नाद सोडला. पण निघायच्या आधी तिनं मला गोठ्यामागं नेलं आणि एक पुरचुंडी हातात दिली. आत कापण्या होत्या, गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून, खसखस लावून तळलेल्या. तात्या पलटणीत जायला निघाले तेव्हा दहा-बारा वर्षांच्या आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा केल्या होत्या त्या कापण्याच. निम्म्या करपल्या होत्या आणि तात्यांनी त्या बोटीवर सगळ्या खाल्ल्या होत्या, हे आमच्या घरात शंभरदा सांगून झालं होतं.

“बोटीवर गेल्यावर दे दादाला,” आत्या हळूच म्हणाली. “मी लई इचार केलाय. दर्यात ना गाव, ना शीव. तितं कुणाचं घर न्हाय, कुणाचं सासर न्हाय. तितं खाल्लं तर रीत मोडत न्हाय. मोडती का?”

“न्हाय,” मी म्हणाले. मला ते एकदम पटलं.

“मग दे. आन कुठल्या म्हणून सांगू नगंस.”

चौथ्या दिवशी डेकवर मी पुरचुंडी सोडली. बोट लागून आई आडवी झाली होती. तात्यांनी कापणी उचलली, ओठांपर्यंत नेली आणि थांबले. “पणदऱ्याच्या काय गं?”

त्या वेळी मी ‘व्हय’ म्हणायला पाहिजे होतं. एक शब्द. पण शाळेत नुकतंच खरं बोलण्याचं खूळ डोक्यात भरलं होतं, आणि शिवाय मला आत्याची युक्ती त्यांना सांगून मोठेपणा घ्यायचा होता. मी सांगितलं, “शेळगावच्या. पण आत्या म्हणते, दर्यात रीत नसते.”

तात्यांनी कापणीचा वास घेतला. खूप वेळ घेतला. मग ती परत ठेवली, पुरचुंडीची गाठ मारली आणि शेजारी बिछाना टाकलेल्या काठेवाडी कुटुंबाला देऊन टाकली. त्यांची पोरं बघता बघता सगळ्या खाऊन मोकळी झाली. त्यांची आई ‘बहु सरस, बहु सरस’ म्हणत राहिली. मोंबासा येईपर्यंत मी तात्यांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात तरी आलं की नाही, कोण जाणे. ते कठड्याला टेकून पाण्याकडं बघत असायचे.

मधल्या चार वर्षांत शेळगावहून दोन पत्रं आली, दोन्ही मामांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेली. पहिल्यात त्यांनी दुसरं लग्न केल्याचं होतं. मुलीचं नाव सिंधू, आणि ‘झुंबरनं स्वतः पसंत केली’ असं खाली लिहिलं होतं. दुसऱ्यात मुलगा झाल्याचं. तात्यांनी त्या दिवशी रेल्वेच्या चाळीत घरोघर पेढे वाटले. “माझी झुंबर लेकुरवाळी झाली,” असं ज्याला त्याला सांगत होते.

“झुंबर नव्हे, सिंधू,” आई म्हणाली.

“घर एक, नवरा एक. सवतीचं पोर ते आपलंच पोर,” तात्या म्हणाले. “सुटलो बघ मी. अठरा वर्सांनी सुटलो!”

एकोणीसशे अडतीसच्या रजेत माझं लग्न करायचं होतं. सुप्याचं स्थळ ठरत आलं होतं आणि हजार कामं होती, पण तात्यांनी सगळी बाजूला ठेवून आधी मला घेऊन शेळगाव गाठलं. आता बारामतीहून इंदापूरकडं सर्व्हिसची मोटार जात होती. तात्यांनी बाळासाठी चांदीचे वाळे घेतले होते आणि वाटेत दोनदा काढून बघितले. भाकरी बरोबर घेतली नव्हती, तांब्याही नव्हता. रिकाम्या हातांनी ते इतके खूश होते की मोटारवाल्यालासुद्धा सांगून झालं, “आज बहिणीकडं जेवायला निघालोय.”

आत्या घरात नव्हती, विहिरीवर होती. मी तशीच धावत गेले. ती वाळली होती. हसली, पण बैल थांबतील इतकं नाही. तिनं नाडा सोडला नाही, मोट रिकामी करून बैल मागं घेता घेता तिनं विचारलं, “दादानं कापण्या खाल्ल्या का गं?”

चार वर्षांनी भेटलेली बाई, आणि पहिला प्रश्न तो. या वेळी मी चुकणार नव्हते.

“सगळ्या,” मी म्हणाले. “एकट्यानं. मला न्हाय, आईला न्हाय, कुणाला एकसुद्धा दिली न्हाय.”

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. “दर्यात चालतंय, मी म्हणलं हुतं की न्हाय!” आणि बैलांना एक शिवी घातली, अगदी पूर्वीसारखी. मला वाटलं, जन्मात एक तरी काम नीट केलं.

घरात आता पाट मांडलेला होता. चुलीपुढं सिंधू होती. गरीब पोर, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिचा यात काही दोष नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. तात्या पाटावर बसले, पोराला मांडीवर घेतलं, वाळे घातले. पोटभर पाणी प्याले आणि तांब्या खाली ठेवून म्हणाले, “शेळगावचं पाणी गोड हाय की गं!” मामा हसले. आत्या विहिरीवरून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आत आली नाही.

तात्या जेवले. मागून मागून जेवले. दुसरी पोळी, तिसरी पोळी, वांगं पुन्हा. मग बोटं चाटत म्हणाले, “झुंबे, तुझ्या हाताची चव अजून तशीच हाय.”

“सिंधूनं केलंय,” आत्या म्हणाली. “चूल तिच्याकडं हाय आता. मी मळ्यातच असती.”

एवढं ऐकून तरी माणसानं थांबावं की नाही? पण तात्या अठरा वर्षं धरलेलं सोडून आले होते, त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. “एकच की गं ते! तुमची दोघींची चूल काय येगळी हाय?” ते मामांकडं वळले. “दाजी, पर मी बी रीत अशी पाळली, अशी पाळली! ह्या झुंबीनं गेल्या बारीला ह्या रतनीजवळ चोरून कापण्या दिल्या. दर्यात चालत्यात म्हणं! तोंडापतूर नेलेली कापणी मी माघारी ठेवली आन शेजारच्या लोकांस्नी वाटून टाकली. एक तुकडा खाल्ला न्हाय. व्हय का न्हाय गं रतने?”

मी ताटाकडं बघत राहिले. वर बघितलं तेव्हा आत्या माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“व्हय,” मी म्हणाले.

आत्या बाहेर निघून गेली. थोड्या वेळानं मोटेच्या चाकाचा आवाज यायला लागला, गाणं मात्र आलं नाही.

निघायच्या वेळी ती सडकेपर्यंत आली. पुरचुंडी नव्हती. तात्या, मामा पुढं चालत होते आणि आम्ही दोघी मागं. मी नुसतं ‘आत्या’ म्हणाले आणि रडायला लागले.

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नगं बया. लबाड बोललीस, पर माझ्या जिवासाठी बोललीस. सकाळधरनं दुपारपतूर मी लई सुखात हुते.”

मोटारीत मी तात्यांना सोडलं नाही. सोळा वर्षांच्या पोरीनं बापाला बोलू नये ते सगळं बोलले. “आज तुम्ही आत्याकडं जेवला नाहीत, सिंधूकडं जेवलात. आत्याकडं चूल होती तेव्हा तुम्ही लिंबाखाली बसलात. तिची चूल गेली, तेव्हा पाटावर जाऊन बसलात. ती दारात का उभी होती, विचारलंत?” मोटारीतली माणसं वळून बघत होती. तात्यांनी मला गप्प केलं नाही. बारामती येईपर्यंत ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून होते.

त्यांनी परत जायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी. पण लग्नाची कामं निघाली, आणि त्यापेक्षा खरं सांगायचं तर त्यांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. आत्या माझ्या लग्नाला आली, पाहुण्यासारखी आली, दोन दिवस राबली आणि गेली. दोघं एकमेकांशी फक्त मांडवाचं आणि पत्रावळींचं बोलले. तात्या आईला म्हणाले, “फुडच्या रजेला जातो. निवांत जातो, दोन दिस राहतो.” पुढची रजा आलीच नाही. दुसरी लढाई सुरू झाली, बोटी बंद झाल्या, आणि तात्या नैरोबीलाच वारले. पण ते नंतरचं.

बोटीवर चढायच्या आधी आठवडाभर ते सुप्याला माझ्याकडं आले. लग्नाला महिना झाला होता. सुप्याचं कोरडं रान, घरात माझ्या वाट्याला नवी चूल, आणि मला अजून भाकरी गोल जमत नव्हती. रीतीप्रमाणं मी त्यांच्यासाठी काहीच मांडलं नव्हतं. अंगणात घोंगडी टाकली आणि विचारलं, “भाकरी आणलीय का तात्या?”

ते आत आले. जोडा काढला आणि चुलीपुढं उघड्या जमिनीवर बसले. “वाढ,” म्हणाले.

“तात्या, रीत?”

“रीतीनं झुंबरला काय दिलं?” ते म्हणाले. “वाढ पोरी. जे आसंल ते वाढ.”

पिठलं होतं आणि वाकडी भाकरी. ते जेवले, माझ्या तांब्यातलं पाणी प्याले. मध्येच त्यांचा घास हातात राहिला आणि डोळ्यांतून पाणी आलं. तात्यांना रडताना मी तेवढंच बघितलं. हात धुताना ते म्हणाले, “हे झुंबरला कळू देऊ नगंस. तिला मी दिलं न्हाय ते तुला पयल्याच म्हयन्यात दिलं, हे तिला सोसायचं न्हाय.”

दिवाळीनंतर आत्या माझं घर बघायला सुप्याला आली. वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन आली. माझी चूल बघितली, सारवण बरं नाही म्हणून दोन शब्द ऐकवले, आणि स्वतःच पोतेरं घेऊन बसली. सारवता सारवता पाठमोरी असतानाच तिनं विचारलं, “जायच्या आदी दादा हितं येऊन गेला म्हणं?”

“व्हय.”

“जेवला का गं तुझ्याकडं?”

“न्हाय आत्या,” मी म्हणाले. “पाणीसुद्धा घेतलं न्हाय. भायेर बसले आन गेले.”

आत्याचा हात थांबला. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, शेळगावला दारातून बघितलं होतं तसंच, आणि मी या वेळी नजर खाली केली नाही.

“बरं,” आत्या म्हणाली, आणि राहिलेली चूल सारवायला लागली.